प्रधानजींच्या पंपाची धार

नव्वदच्या दशकात मी लखनौला वीज वाचवणारे शेतीपंप विकत होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, तोही इंजिनिअर. वडिलांनी माझ्या पदवीची फ्रेम देव्हाऱ्याच्या वर टांगली होती, म्हणजे देवसुद्धा माझ्या हाताखाली. नोकरी मात्र अजून कच्ची. चारबागच्या ऑफिसातले आमचे साहेब नागपूरचे. ते म्हणाले, "तेलीबागच्या पुढच्या गावात प्रधानजींना पंप विका, लगेच पक्कं करतो. नाहीतर गावचं तिकीट काढा."

प्रधानजी म्हणजे तिथले सरपंच. नमुन्याचा पंप घेऊन मी गेलो, साहेबही सोबत आले. खाटेवर बसून त्यांनी वीजबचतीवरचं माझं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "अच्छा, बिजली बचाकर रखेंगे कहाँ, भैया?"

प्रश्न चोख होता. मीटरच नव्हते, पंप कितीही चालवा, बिल ठरलेलं. वीज यायची तीच मुळी थोडा वेळ. मी पवित्रा बदलला. "बिजली छोड़िए. जितनी देर बत्ती रहेगी, उतने में पानी ज़्यादा मिलेगा."

"तो दिखाओ."

त्यांच्या जुन्या पंपाचा पाइप पुरुषभर उंच नेलेला, तोंड निमुळतं. धार अशी लांब उडायची की रायबरेली रोडवरून दिसावी. पाणी आधी आभाळात चढवायचं आणि मग पाटात पाडायचं, यात मोटरची ताकद फुकट जाते. मी आमच्या पंपाचा पाइप पाटालगत ठेवला, तोंड रुंद. बटण दाबलं. जाडजूड पाणी मुकाट वाहू लागलं. दोन्हींचं पाणी पडायचं तिथे खड्डे खणून ड्रम बसवले. माझा आधी भरला. मी विजयी मुद्रेने गावाकडे पाहिलं.

गाव जुन्या धारेकडे पाहत होतं.

"ये चल रहा है कि सो रहा है?" मागून कुणीतरी म्हणालं.

"पानी तो ज़्यादा है," प्रधानजी म्हणाले, "मगर दिखता कहाँ है? समधी आएँगे तो उन्हें ड्रम दिखाऊँ?" समधी म्हणजे व्याही.

साहेब माझ्या कानाशी मराठीत पुटपुटले, "अहो इंजिनिअर, पाइप वर घ्या."

"साहेब, मग त्या पंपात आणि आपल्या पंपात फरक काय राहिला?"

"तुमची नोकरी राहील."

मी हात लावला नाही. देवांच्या वर टांगलेला माणूस असल्या कामाला वाकत नाही. शेवटी साहेबांनीच बाह्या सरसावल्या, पाइप विटांच्या खांबावर चढवला, तोंडाला निमुळता तुकडा बसवला. धार उडाली. प्रधानजी खाटेवरून उठून उभे राहिले. सौदा झाला, मी पक्का झालो.

पुढच्या वर्षी कंपनीच्या कॅलेंडरवर तोच फोटो आला: उंच पाइप, लांब धार, मिशीला पीळ देणारे प्रधानजी आणि खाली ठळक अक्षरांत 'वीज वाचवा'. मी एक प्रत घरी पाठवली. वडिलांनी ती पदवीशेजारी टांगली. पदवीत काय लिहिलंय ते कुणी त्यांना विचारत नसे; आल्यागेल्याला ते कॅलेंडरच दाखवत.

"आमच्या पोराचं पाणी बघा," ते म्हणत, "कसं लांब उडतंय!"