मोर्विद प्रॉसरचं रविवारचं धुणं

आमच्या पॉन्तेलिनच्या फुटबॉल क्लबचा इतिहास कुणी लिहिलाच, तर त्यात कप्तान येतील, सेक्रेटरी येतील, एखादा खाणसाहेबही घुसेल. मोर्विद प्रॉसर येणार नाही, कारण तिने जन्मात चेंडूला पाय लावला नाही. म्हणून हे मीच लिहून ठेवतो. डाव्या बगलेचा बचावपटू या नात्याने तिची बोलणी सर्वांत जास्त मी खाल्ली आहेत.

मोर्विद सगळ्या गल्लीची बोपा. आमच्या खोऱ्यात शेजारच्या मावशीला बोपाच म्हणतात. क्लबचे शर्ट ती धुवायची आणि सोमवारी दारापुढच्या दोरीवर घालायची. जीव तोडून खेळला त्याचा शर्ट रस्त्याकडे, अंग चोरलं त्याचा कोळशाच्या खोलीकडे. दुकानात जाणाऱ्या बायका दोरी बघूनच सामना समजून घेत. माझा शर्ट बहुधा कोळशाकडे असे, आणि त्या दिवशी आई मला धड जेवायलाही वाढत नसे.

एकोणीसशे सव्वीस साली खाणमालकांनी केलेल्या टाळेबंदीत मोर्विदच्या वडिलांनी आणि इतर खाणकामगारांनी उपाशीपोटी टेकडी खणून क्लबचं मैदान सपाट केलं होतं. म्हणजे आमच्या मते सपाट. पाहुण्या संघांचं मत वेगळं होतं.

मग खाण बंद पडली. पोरं पोटामागे किनाऱ्यावरच्या पोलाद कारखान्यांत गेली आणि संघात उरलो सात जण. लीगने बजावलं, येत्या शनिवारी अकरा उतरले नाहीत तर नाव काढून टाकू. आमचा सेक्रेटरी इद्वल म्हणाला की सोमवारी आपणच माघार कळवू, निदान अब्रू राहील. त्या अब्रूचं काय लोणचं घालायचंय, असं बोपाने त्याला विचारलं.

रविवारी सकाळी गाव प्रार्थनेसाठी चॅपेलला निघालं, तेव्हा तिच्या दोरीवर अकरा शर्ट लटकत होते. दहा हिरवे, एक गोलकीपरचा पिवळा. आमच्याकडे रविवार देवाचा, कामाला हात लावायचा नाही; दाराची पितळी कडी पुसली तरी कुजबुज होते. धुणं म्हणजे धर्म बुडालाच. आणि ही तर चॅपेलात पहिल्या बाकावर बसणारी बाई. अख्खी गल्ली जागच्या जागी थांबली.

चॅपेलचे कारभारी एलियास पेन्री पुढे आले. एके काळी तेच आमचे गोलकीपर होते. कारभारी झाले आणि मैदानाकडे फिरकेनासे झाले.

“मोर्विद, आज वार कोणता?”

“रविवार. सोमवारी घातलं असतं तर तुम्ही थांबला असतात का, मिस्टर पेन्री?”

“लाज नाही वाटत?”

“वाटते ना. रात्रभर वाटली.” मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. “सात शर्टांना माणसं आहेत, चारांना नाहीत. माझ्या बापाने उपाशी राहून ती टेकडी खणली, आणि तुम्हाला तिच्यावर नुसतं उभं राहणं होत नाही?”

लोक आपापल्या बुटांकडे बघू लागले. पेन्री लालबुंद झाले. आता हे हिला चॅपेलातून काढणार, अशी माझी खात्री झाली. पेन्रींनी हॅट काढून बायकोच्या हातात दिली आणि दोरीवरचा पिवळा शर्ट ओढला.

“ओला आहे अजून,” बोपा म्हणाली.

“शनिवारपर्यंत वाळेल.” मग गर्दीकडे वळून ते म्हणाले, “अजून तीन पाहिजेत. प्रार्थनेला उशीर होतोय.”

पाववाला आला, पोस्टमन आला, आणि बऱ्याच वेळाने, खोकत खोकत, शाळेत गाणं शिकवणारे मास्तर.

शनिवारी पंचाने डोकी मोजली आणि शिट्टी वाजवली. त्या रांगेत उभं राहताना मला जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर कशाचाच वाटला नाही. पुढचं काय सांगू? मास्तर पहिल्याच धावेत खाली बसले, पेन्री प्रत्येक चेंडूवर झेपावले आणि प्रत्येक वेळी चेंडू पुढे गेल्यावर. आमच्यावर नऊ गोल झाले.

पाहुण्यांचा एक माणूस मैदानाच्या कडेच्या दोरीपलीकडून हसत म्हणाला, “बाई, नऊ खाल्ले की तुमच्या पोरांनी.”

बोपाचे डोळे भरले होते आणि तिने ते लपवलेही नाहीत.

“खाल्ले,” ती म्हणाली. “नऊ गोल खायलासुद्धा अकरा माणसं लागतात. आमच्याकडे आहेत.”