धुऱ्याकडची जागा

गेल्या आषाढात आई माझ्या कुडव्यातल्या घरी आठ दिवस राहिली आणि नवव्या दिवशी सकाळी तिच्या गावी, नवेगाव बांधला परत गेली.

तिचा उजवा गुडघा सुजला होता. चिखलात वाकून उभे राहायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. म्हणून रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या तोंडावर मी तिला घेऊन आलो. गावातल्या आठ बायकांची टोळी धानाचा रोवणा करते. रांगेत धुऱ्याकडची, शेताच्या बांधालगतची पहिली जागा आईची. वर्षानुवर्षे कोणी ती बदललेली नाही. सलग न येणाऱ्या बाईची जागा मात्र दुसरीला जाते.

आठव्या दिवशी टोळीतल्या तिच्या मैत्रिणीचा फोन आला. आवाज मला बाजूच्या खोलीत ऐकू येत होता.

"येतं का वो बुढे? नाही त तुही जागा माह्या सुनेले देऊन टाकीन."

आई हसली. मग फोन ठेवून पिशवी भरायला बसली.

"माय, काऊन चालली?" मी विचारले.

"इथं राहून कायले? तुह्या फरशीवर माणूस चालते का घसरते, तेच समजत नाही."

मी वर्तमानपत्रात बातम्या तपासतो. आमच्याकडचे 'काऊन' आणि 'कायले' हे दोन्ही शब्द बातमीत आले की मी कापतो आणि दोन्हींच्या जागी 'का' लिहितो. पण ते एक नाहीत. 'काऊन' घडलेल्या किंवा घडत असलेल्या गोष्टीचे कारण विचारतो. 'कायले'मधला 'ले' म्हणजे 'ला'. तो पुढचा उपयोग विचारतो. दोरी कायले पाहिजे, असे म्हणतात. तिथे काऊन चालत नाही. 'काऊन रडते?' म्हणणारा उत्तरासाठी थांबतो. 'कायले रडते?' म्हणणारा बहुधा डोळे पुसायला पदर पुढे करतो.

मी कारण विचारले होते. तिने उपयोग विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गाडीवर मागे बसवून थेट रोवणा चाललेल्या बांधीवर, भाताच्या खाचराशी नेले.

रांगेत सात बायका होत्या. धुऱ्याकडची जागा रिकामी होती. आई लुगडे खोचू लागली, तेव्हा मैत्रिणीने तिचा हात धरला आणि धुऱ्यावर पोते अंथरले.

"बस इथं. पऱ्हे दे आमाले."

आई बसली. संध्याकाळपर्यंत तिने रोपांच्या जुड्या सोडून एकेकीच्या हातात दिल्या. त्या दिवशी तीन बांध्यांचा रोवणा झाला. पहिली जागा शेवटपर्यंत रिकामी होती.