दोन्ही निवडलं तर

माझ्या बहिणीचा नवरा डेसमंड न्यूझीलंडमधल्या ओमारू गावच्या शाळेत बॉयलर सांभाळतो. घरी आला की लिनक्स कर्नलच्या, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याच्या, मूळ कोडची पॅकेजेस तयार करतो, जगभरच्या लोकांसाठी, फुकट. त्यात काही जादा सोयी असतात. ज्याने त्याने हव्या त्या निवडायच्या. त्यातल्या दोघींचं जमत नाही. एक आवाज न अडखळता पाठवते, दुसरी सुरक्षा वाढवते, आणि दोघी कोडच्या त्याच ओळी बदलतात. कुणी दोन्ही निवडल्या की काम अडायचं आणि तक्रारी डेसकडे यायच्या. कटकट नको म्हणून त्याने अशा वेळी आवाजाची सोय गुपचूप गळेल असं करून ठेवलं. तक्रारी थांबल्या.

घरीही तो असाच. त्याच्या आईला आणि मोइराला, म्हणजे माझ्या बहिणीला, एकाच रविवारचा होकार देतो आणि एकीकडे फिरकत नाही.

शनिवारी शेजारची नायरी चीज रोल घेऊन आली. तिची आई नुकतीच गेली होती. ऑस्ट्रेलियात पर्थला असलेल्या तिच्या बहिणीला येता आलं नाही, म्हणून नायरीने अंत्यविधी कॉम्प्युटरवरून तिला थेट ऐकवला होता.

"डेस, आवाज सारखा तुटत होता रे. तुझ्या पॅकेजातल्या त्या दोन्ही सोयी निवडल्या होत्या मी. माझंच काहीतरी चुकलं. बहीण फोन उचलत नाहीये."

"कॉम्प्युटर जुना असेल," डेस म्हणाला.

"जुना?" मोइरा म्हणाली. "मार्चमध्ये तूच ना बसवून दिलास?"

"मग दुसरा घेऊ का?" नायरीने विचारलं.

डेसचे कान लाल झाले. "नको. आवाजाची सोय मी गाळली होती. दोन्ही निवडल्या तर गळते. पॅकेज तसं सांगत नाही."

"अरे, एकच मिळेल एवढं म्हणाला असतास तर आवाज घेतला असता मी! आईला चोर नेणार होते का?"

"थांबवलं की लोक ओरडतात."

"ओरडू दे की!" मोइरा म्हणाली.

"आता थांबवतो. पॅकेजच एकच निवडा म्हणून सांगेल. आणि आजवर काय गाळलं, ते माझ्या नावाने जाहीर करतो."

"जगाला नंतर सांग." नायरीने मोइराचा फोन मागून घेतला, बहिणीचा नंबर लावला आणि डेसच्या हातात दिला. "आधी हिला."

पलीकडून हॅलो आलं. डेसने आमच्याकडे पाठ केली.

"मी डेसमंड. नायरीचा शेजारी. तिची काही चूक नाही..."

पुढे बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. फोन ठेवायचं काही त्याने नाव घेतलं नाही.