नावं टाकलेली भांडी

"मी मेली का व, साधना? का तू मरून राहिली? दोघींतून एक जण मेल्याबिगर आहेराचं भांडं परत जाते का कोणाचं?"

दुर्गाबाई हे तिसऱ्यांदा विचारत होत्या. पहिल्यांदा फाटकात, दुसऱ्यांदा चपला काढताना आणि आता ओट्यावर पितळेचा गुंड आदळून. गुंडाच्या गळ्याशी टिंबाटिंबांच्या अक्षरांत नाव कोरलं होतं: ‘सौ. दुर्गाबाई नारायणराव गवई, अचलपूर, १३ मे १९९०’. साधनाबाईंच्या लग्नात नणंदेनं दिलेला आहेर. परवा साधनाबाईंनी तो पोत्यात गुंडाळून अकोल्याच्या स्टँडवर अचलपूरच्या गाडीत कंडक्टरजवळ दिला होता. आज पहिल्या गाडीनं तो मालकिणीसोबत परत आला.

"बाई, आधी चहा घ्या," साधनाबाई म्हणाल्या.

चहाचीही पंचाईतच होती. घरात कप उरले होते दोन. एक दुर्गाबाईंना दिला, दुसरा नवऱ्याला, देवराव गुरुजींना. अमरावतीहून रविवारचा आलेला मुलगा सुगत वाटीतून चहा फुंकत बसला आणि साधनाबाईंनी उरलेला पातेल्यातूनच घेतला. दुर्गाबाईंनी सगळीकडे नजर फिरवली. दिवाण गेला होता, शोकेस गेलं होतं, टीव्हीच्या जागी भिंतीवर चौकोनी डाग होता. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी तेवढ्या जागच्या जागी होत्या.

"पोलीस येऊन जप्ती करून गेले असं वाटते," त्या म्हणाल्या.

जप्ती साधनाबाईंनी स्वतःच आणली होती. हिवरखेडच्या बाजूला त्यांनी एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली. पहिली दोन वर्षं मोपेडवर. पण पावसाळ्यात काळी माती मोपेडच्या चाकाला अशी धरायची, की खाली उतरून काडीनं चिखल उकरत बसावं लागे, आणि तिकडे लसींच्या डब्यातला बर्फ वितळायचा. मग त्यांनी गुरुजींची मोटारसायकल घेतली. पुढचं मडगार्ड काढून टाकलं, साडीवरून सलवारवर आल्या, आणि पुढं कोणाला विचारलं नाही. गुरुजींना मोटारसायकल शेवटपर्यंत जमली नाही. ते बायकोच्या मागं बसून शाळेत जायचे. लोक हसले, मग हसून कंटाळले. नंतर नंतर तर नर्सबाईंच्या गाडीचा आवाज ओळखून बाया लेकरं काखेत घेऊन पारावर येऊन थांबायच्या.

एकतीस वर्षांत एक गोष्ट मात्र रोज झाली. नेमून दिलेलं शेवटचं गाव आलं की गाडी वळवायची. रस्ता पुढं दिसत असायचा, पण पुढं त्यांचं काम नसायचं. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यावर त्यांनी साडेतीनशे सीसीची जुनी गाडी घेतली, दोन्ही बाजूंना पेट्या लावल्या आणि घरात सांगितलं, की आपण दोघं वर्षभर फिरू. आधी बोधगया, तिथून वर अरुणाचलपर्यंत, मग समुद्राच्या काठाकाठानं खाली कन्याकुमारी. गुरुजींनी एवढंच विचारलं, की मागची सीट रुंद आहे का.

अकोल्यातल्या कौलखेडातलं तीन खोल्यांचं घर एक तारखेपासून किरायानं द्यायचं ठरलं. गच्चीवरची खोली आपल्याकडे ठेवायची. पेट्यांत आणि त्या खोलीत मावेल तेवढंच आपलं. गुरुजींची पुस्तकं विहाराच्या वाचनालयात गेली. गाद्या, मिक्सर, शिलाई मशीन ज्याला हवं त्यानं नेलं. अडलं ते भांड्यांपाशी.

भांडी होती सत्तेचाळीस, आणि एकही बिननावाचं नव्हतं. लग्नातले आहेर, सुगतच्या नामकरणातले, आणि नोकरीतले. लेकीच्या बाळंतपणाला धामणगाव रेल्वे गावाहून आलेल्या नत्थुजींनी दिलेला वरणाचा गंज, गीतांजली नावाच्या बाळंतिणीच्या माहेरानं दिलेली परात, निवृत्तीला गावानं वर्गणी करून दिलेलं घंगाळ. सुगतच्या बायकोनं, पायलनं, फोनवर सरळ सांगितलं, की आई, ओट्याखाली जागा नाही. दुसऱ्याला द्यावीत तर नाव तिसऱ्याचं. मोडीत घालायला साधनाबाई एकदा पोतं घेऊन दुकानापर्यंत गेल्याही. दुकानदारानं परात उलटी करून काट्यावर टाकली. गीतांजलीच्या अवघड बाळंतपणाची ती रात्र त्यांना आठवली, पोतं उचललं आणि घरी आणलं. ज्याचं नाव त्याच्या घरी भांडं परत, हा उपाय त्यांना रस्त्यातच सुचला. आपल्या अकलेचं त्यांना कौतुकही वाटलं होतं. पहिला गुंड थोरल्या नणंदेला धाडला, मान म्हणून.

"मान?" दुर्गाबाई म्हणाल्या. "सारी गल्ली जमली होती व. भावाकडून पार्सल आलं म्हणून मी सगळ्यायच्या समोर उघडलं. तं काय, माह्यंच भांडं! शेजारीण विचारे, भाऊ बरा हाय ना? मराच्या आधी माणूस असं वाटून टाकते म्हणे."

सुगतला हे निमित्तच हवं होतं. तो हळूच म्हणाला, की आत्या म्हणते ते खोटं नाही, लोक काहीही बोलून राहिले, माझ्या बँकेतही विचारतात. वर्षभर कशाला, महिनाभर जाऊन या, घर असू द्या.

साधनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गुरुजी कपाच्या तळाशी बघत होते. आई गेल्यावर दुर्गाबाईंनीच त्यांना वाढवलेलं. बहिणीचे डोळे भरले की गुरुजींचा सगळा निश्चय गळून पडतो, हे साधनाबाईंना पस्तीस वर्षं ठाऊक होतं. बाई आज रुसून गेल्या, तर गुरुजी गाडीवर बसणार नाहीत. आणि मागची सीट रिकामी घेऊन जायचं साधनाबाईंच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"बाई, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "आमी चाललो ह्याचा राग हाय, का भांडं आलं ह्याचा?"

"तू जाय ना बाप्पा! तुले कोणी धरलं?" दुर्गाबाई उसळल्या. "अचलपूरच्या बायायले मी सांगतो, माही भावजय डोंगर चढून राहिली मोटारसायकलवर, माह्या भावाले मागं बसवून. कोणाच्या घरी हाय अशी? पण तू मले गुंड रिकामा धाडला, साधना. रिकामा! वाटीभर ताक आणलं शेजारून, तं वाटी कधी रिकामी धाडली का आपण? चिमूटभर साखर तरी टाकतो. अन् तू माह्या आहेराचा गुंड पोत्यात बांधून, रिकामा, कंडक्टरच्या हाती."

साधनाबाईंनी गुंडात हात घातला. आत वर्तमानपत्राचा एक बोळा होता, त्यांनीच कोंबलेला, चेपू नये म्हणून. एकतीस वर्षं त्यांनी परक्यांच्या उंबऱ्यात भांडी दिली-घेतली. कोणाच्या घरचा डबा आला तर त्यात गूळ, शेंगदाणे, काही नाही तर मूठभर ज्वारी घातल्याशिवाय परत केला नव्हता. आणि इथं घर रिकामं करायच्या नादात हात आपोआप रिकामंच भांडं पुढं करत गेला. त्यांना शरम वाटली, पण त्या शरमेखाली बाईंचं मघाचं बोलणं घुमत राहिलं. ह्या बाईनं साऱ्या अचलपुरात त्यांची गाडी आधीच फिरवली होती.

"चुकलं माह्यं," त्या म्हणाल्या.

दुर्गाबाईंना एवढ्या लवकर माफीची अपेक्षा नव्हती. त्या पदरानं नाक पुसत म्हणाल्या, की मग ठेव तो गुंड इथंच, वर खोलीत, वर्षानं येशील तेव्हा कामी येईल.

"नाई. गुंड तुमच्याच घरी राहीन."

"आता आणखी काय?" गुरुजींनी घाबरून विचारलं.

साधनाबाई उठल्या. त्यांनी वहीतून नकाशाचा कागद काढला, त्यावर बोधगयेकडे जाणारी निळी रेघ होती. ती त्यांनी खोडली आणि भांड्यांच्या पोत्यावरची यादी शेजारी ठेवून अकोला, अचलपूर, हिवरखेड, अमरावती, धामणगाव अशी वाकडीतिकडी रेघ काढली. सुगत म्हणाला, की आई, सत्तेचाळीस घरं म्हणजे महिना जाईल. जाईना का, त्या म्हणाल्या. काही लोक तर वारलेही असतील, तो म्हणाला. त्यांची लेकरं असतील, माझ्याच हातावर जन्मलेली, त्या म्हणाल्या आणि पेनचं टोपण लावलं.

"एक तारखेले किरायदार येतील, ते बदलणार नाई," त्या रोजच्या आवाजात म्हणाल्या. "एकही भांडं आता बसनं जाणार नाई. मी स्वतः घरोघर नेईन, भरून देईन, अन् त्या घरी जेवून निघीन. बोधगया एक महिना पुढं. गुरुजी, तुमी दुकानातून पन्नास किलो तुरीची डाळ आणा. बाई, तुमी आज मुक्काम करा, उद्या सकाळी मी गुंड घेऊन, तुमाले मागच्या सीटवर बसवून अचलपूरले येतो. सुगत, उद्याची सुटी टाक, गुरुजी तुह्यासंगं बसनं येतील."