घोंगडीवरचा लॅपटॉप

लॅपटॉप माझ्या शाळेच्या कामाचा. वर्गाचे निकाल, हजेरी, अर्ज, सगळं त्यातच. त्यावर गेम टाकला तो मात्र अण्णांसाठी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. साठी उलटेपर्यंत ते मेंढरांमागे चालले आणि गेल्या दिवाळीनंतर अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली. पाय हळूहळू टेकायला लागला, पण हात मांडीवर नुसता पडून राहायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बोटं हलती ठेवा, नाहीतर हात कायमचा जाईल. दाबायला रबरी चेंडू दिला. अण्णांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी शेळीपुढे टाकला. म्हणाले, "मी काय तान्हं लेकरू हाय?"

मग मी त्यांच्या हाताखाली माउस ठेवला. गेम साधाच होता. एक माणूस हिरव्या डोंगरांतून हिंडतो, ओढे ओलांडतो, वाट शोधतो. बटण दाबून धरलं की चालतो, सोडलं की थांबतो. पहिल्यांदा त्यांच्या बोटावर माझं बोट ठेवून दाबावं लागायचं. महिन्याभरानं मी फक्त मनगटाला आधार देत होते. रोज शाळा सुटल्यावर एक तास, त्यात खाडा नाही.

कामाचं मशीन म्हणून मी नियमही कडक ठेवले. अण्णांचं खातं वेगळं काढलं, निकालांची प्रत दुसरीकडे ठेवली. चुलतभाऊ पेनड्राइव्हवर फुकटातला भारी गेम घेऊन आला. "अँटीव्हायरस तेवढा बंद करायचा, मग पळतोय बघ," म्हणाला. त्याला चहा पाजला आणि पेनड्राइव्हसकट वाटेला लावला.

तरी मार्चमध्ये लॅपटॉप मध्येच बंद पडू लागला. दहा मिनिटांत पंखा घरघरायचा, तळ तव्यासारखा तापायचा आणि पडदा काळा. दादा, माझा थोरला भाऊ, म्हणाला, "गेमनंच जळतोय त्यो. नोकरीचं सामान हाय बाई, काढून टाक." आईही त्याच्याच बाजूनं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्यांतली मी नव्हे, पण भीती होतीच. लॅपटॉप कधीतरी दुसरा आला असता, हात दुसरा येणार नव्हता.

मशीनवरचा भार कमी व्हावा म्हणून गेममधल्या चित्राचा दर्जा अगदी खाली आणला. तापणं जरा कमी झालं, पण त्यात डोंगरावरचं गवत गेलं. अण्णा पडद्याकडे बघत राहिले.

"चारा कुठं गेला गं?"

"मशीन लई तापतंय, म्हणून कमी केला."

"बिनचाऱ्याच्या डोंगरावर कोण जातंय?" म्हणाले आणि हात काढून घेतला. पुढे तीन दिवस त्यांनी माउसला बोट लावलं नाही. मला रडूही आलं आणि त्यांचा संतापही आला.

शनिवारी शाळा सुटताच मी बाजाराचं गाव कडा गाठलं. दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉपचा तळ उघडला, चिमट्यानं पंख्यातून काळा गोळा ओढून काढला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. "मॅडम, ह्यात मेंढरू बांधता काय?"

गोळा लोकरीचा होता. लॅपटॉप घरी आला त्या दिवशी अण्णांनीच बाजेवर त्याच्याखाली घोंगडी अंथरायला लावली होती, आमच्याच मेंढरांच्या लोकरीची. किमती वस्तू उघड्या जागी ठेवायची नाही, घोंगडीवर मान देऊन बसवायची, ही आमची रीत. खालची भोकं घोंगडीनं बुजली आणि पंखा महिनोन् महिने लोकर ओढत राहिला. वर्गात पोरांना शंभर प्रश्न विचारणाऱ्या मला घोंगडीचा संशयसुद्धा आला नाही. आमच्या घरात दोष कुणाचाही निघेल, घोंगडीचा निघत नाही.

घरी येऊन अण्णांना सरळ सांगितलं, "घोंगडी काढावी लागंल."

"घोंगडीवर देव बसतो. ह्याला काय धाड भरली?"

"तुमी उन्हाळ्याआधी मेंढरं कशापायी कातरायचा?"

"न्हाई कातरली तर उकाड्यानं मरत्यात," ते बोलून गेले. मी तो गोळा त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं तो चुरून बघितला. "आपलीच हाय," म्हणाले.

मी लॅपटॉप उचलून लाकडी पाटावर ठेवला. घोंगडी बाजेवर तशीच राहिली. "घडी तुमीच घाला," मी म्हणाले. "मी हात लावणार न्हाई."

त्यांनी डावा हात पुढे केला. "उजव्यानं," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की लहानपणी मी पळाले असते. एक शिवीही हासडली. आई उठायला लागली, तिचा दंड मी धरून ठेवला. कीव मलाही येत होती. ती दाखवली असती तर हात पुन्हा मांडीवर जाऊन पडला असता.

उजवा हात सरकत सरकत घोंगडीच्या काठाशी गेला. बोटं दोनदा निसटली. तिसऱ्यांदा अंगठा बोटांवर आला, जो माउस धरताना कधीच हलला नव्हता, आणि काठ मुठीत सापडला. त्यांनी ओढलं. घोंगडी वीतभर वाकडी दुमडली. अण्णांच्या कपाळावर घाम होता आणि मूठ अजून मिटलेलीच होती.

आईनं पदर तोंडाला लावला. मी म्हणाले, "दुसरी घडी राहिली, अण्णा."