मामांच्या कमरेचा पट्टा

माझे मामेसासरे जन्मांध होते, ही गोष्ट त्यांना स्वतःला सोडून अख्ख्या मुळशीला ठाऊक होती. धरणाच्या काठानं ते काठी खांद्यावर टाकून चालत आणि कुणी धडकलाच तर त्यालाच विचारत, "डोळं फुटल्यात का?" रिसॉर्टवर आलेल्या पुणेकरांना मासे विकताना "रंग बघा, रंग!" म्हणून ओरडत. गिऱ्हाइकंही मुकाट्यानं रंग बघत आणि मासा घेत.

२००९ साली हिंजवडीतल्या आमच्या कंपनीतल्या पोरांनी अंधांसाठी एक यंत्र बनवलं. चष्म्यात कॅमेरा आणि कमरेला पट्टा. समोरचा माणूस तुमच्याकडे बघत असला की पट्टा एकदा थरथरायचा, हसला की दोनदा. चाचणीसाठी मी मामांचं नाव सुचवलं. साहेबांपुढे मिरवायचं होतं, दुसरं काही नाही.

आठवड्याभरात मामांनी गाव उघडं पाडलं. "जावायबापू, सरपंच लई गंभीर आवाजात 'रस्ता करतो' म्हनतो, आन तोंडानं हसतोय की वो!" मामींपुढे मात्र पट्टा दोनदा कधी थरथरलाच नाही. बिघडलाय का, असं मी विचारलं. "न्हाई. तिचा आवाज आन तोंड एकच हाय."

रविवारी मी अहवाल लिहायला गेलो. मामांनी माणसाएवढ्या माशाची गोष्ट सुरू केली. लग्न झाल्यापासून बारा वर्षं ती मी दर रविवारी ऐकत होतो. म्हणजे पेपर वाचत 'हं' म्हणत होतो. त्या दिवशी गोष्टीतला मासा गळाला लागला आणि मामा थांबले. पट्ट्यावर हात ठेवून म्हणाले, "थरथरत न्हाई."

मी पेपरामागूनच म्हणालो, "बिघडला असेल."

"मग कागदावर तसंच लिवनार?"

"हो."

"नगा. पोरांनी मेहनत केलीया. पान उलटल्यालं मला बारा वर्सं ऐकू येतंय."

मला मान वर करवेना. "मग गोष्ट थांबवत का नव्हता, मामा?"

"थांबलो आसतो तर तुमी उठून गेला आसता."

'पट्टा उत्तम चालतो' असं मी अहवालात लिहिलं आणि पेपर घडी करून ठेवला. मामांनी चष्मा, पट्टा काढून माझ्या हाती दिला आणि मासा पुन्हा पहिल्यापासून पाण्यात सोडला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मासा निसटला तेव्हा ते हसले. मीही हसलो, पण आवाज न करता. ते त्यांना कळलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.