नागलीच्या रंगाचा प्लग

आमच्या जामसरच्या भिकाने पंचवीस वर्षं जव्हारच्या बाजारात लुना आणि फवारणीचे पंप दुरुस्त केले. शाळा चौथीपर्यंतच, पण टू-स्ट्रोक इंजिनाचं पोट त्याला कळायचं. इंजिन चालवायचं, बंद करायचं, स्पार्क प्लग काढायचा आणि त्याचा रंग बघायचा. काळा असला तर भाकर करपली, पेट्रोल जास्त जातंय. पांढरा असला तर तांदळाची. इंजिन उपाशी आहे, तापून जाम होणार. तपकिरी असला तर नागलीची, म्हणजे नाचणीची. इंजिन ठीक आहे. मग गिऱ्हाईक बिनघोर निघायचं. भिकाने नागलीची म्हटली, एवढं बाजाराला पुरे होतं; तांदळाची म्हणजे काय ते फक्त त्याच्या घरात ठाऊक.

त्याची बायको कमू दुकानात प्लग पुसायला बसायची. सत्त्याण्णव सालापासून भिका तिला गमतीने विचारी, "सांग, ही कुठली?" ती सांगे. गंमत कसली आहे ते तिला कळलं होतं. तिने कधी बोलून दाखवलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली, भातं कापून झाल्यावर, शिरपामाळाजवळच्या माळावर एक विमान उतरलं. कापडी पंखांचं, दोन माणसांपुरतं. आत नाशिकचे गौतमराव होते. नोकरी बँकेत, हौस उडायची. चढताना इंजिन जोर धरत नव्हतं. टू-स्ट्रोक आहे म्हटल्यावर लोक भिकाला घेऊन आले.

भिकाने इंजिनाभोवती एक फेरी मारली. "लुनाचंच भावंड आहे," तो म्हणाला, "थोरल्या घरात दिलेलं."

दोन सिलिंडर, दोघांना वेगळे कार्बोरेटर. त्याने दोन्ही खोलून धुतले. विमानाचं शेपूट दोरखंडाने ऐनाच्या झाडाला बांधून इंजिन पूर्ण जोरात चालवलं. माळावरचं गवत आडवं झालं. मग इंजिन बंद करून दोन्ही प्लग काढले आणि फडक्यावर ठेवले. भोवती निम्मं जव्हार उभं होतं. कमू बायकांत होती. आज तिला विचारायची सोय नव्हती.

"दोन्ही नागलीच्या," भिका म्हणाला. "उडवा."

प्लग परत बसवले. गौतमराव आत बसून पट्टा आवळू लागले. तेवढ्यात बायकांतून कमूचा आवाज आला.

"अवं, एक भाकर तांदळाची हाय."

"पायलटला डबा दिला वाटतं वहिनीने," कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

भिका हसला नाही. तिने ते फक्त त्याला कळेल असं सांगितलं होतं. पुढे काय करायचं ते त्याच्यावर सोडलं होतं.

तो गौतमरावांजवळ गेला. "साहेब, उतरा. परत बघू."

"अहो, आत्ताच तर पाहिलंत. ऊन उतरायच्या आत मला नाशिक गाठायचं आहे." त्यांचा हात स्विचवर गेला.

भिकाने तो हात धरला. 

"मी पाहिलं नाही," तो म्हणाला. "मला वर्षभर रंग दिसत नाय. सगळं चहातून बघितल्यासारखं दिसतं. प्लग ती बघते. ती म्हणते पांढरा, तर पांढरा."

पंचवीस वर्षांची पत त्याने त्या एका बोलण्यात माळावर ठेवली.  गौतमरावांनी पट्टा सोडला.

कमूने दाखवलेल्या प्लगच्या बाजूला कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक रबर होतं. भिकाने त्यावरून अंगठा फिरवला. खालच्या अंगाला, डोळस माणसालाही दिसली नसती अशी चीर होती. तिथून हवा ओढली जात होती, म्हणून ते सिलिंडर उपाशी. इंजिन आणखी किती वेळ टिकलं असतं, आणि बंद पडताना खाली घाट असता की रान, हे गौतमरावांनी विचारलं नाही. 

चार दिवसांनी नाशिकहून नवं रबर आलं. पुन्हा दोरखंड, पुन्हा ऐनाचं झाड. प्लग काढल्यावर गौतमरावांनी ते कमूपुढे धरले. तिने पदराने हात पुसून एकेक वळवून पाहिला.

"नागलीच्या," ती म्हणाली.

विमान गेलं. सगळे वर बघत होते. भिका मान खाली घालून आवाज ऐकत होता, पार विरेपर्यंत.

त्यानंतर बाजारातली माणसं प्लग सरळ कमूकडे देऊ लागली. पुढल्या हिवाळ्यात भिकाच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर दुकानात पहिली लुना आली तेव्हा मी तिथेच होतो. त्याने प्लग काढला, उजेडात धरला, आणि कमूला दिला.

"आता दिसतंय ना तुमाला?"

"दिसतंय," भिका म्हणाला. "तरी बघ."